टँकरवाल्यांची शाळा: ड्रायव्हर-क्लीनरना सिक्युरिटी कशी शिकवायची

दोन वर्षांपूर्वी मी माझ्या भाच्याला कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगावच्या एका चहाच्या टपरीवर बसवलं. कॉलेजचं पोरगं, आमच्या गाड्यांवरचं कुणी त्याला ओळखत नव्हतं. काम एवढंच, की आपला ड्रायव्हर चहाला उतरला की त्याला चहा पाजायचा आणि बोलता बोलता तीन गोष्टी काढायच्या. काय भरलंय, कुठं खाली करणार, रात्री कुठं थांबणार. आठवड्यात नऊ ड्रायव्हर झाले. सात जणांनी तिन्ही सांगून टाकलं. एकानं तर पोराला केबिनमध्ये बसवलं, गिअर कसे पडतात ते दाखवलं आणि किल्ली गाडीतच ठेवून लघवीला गेला.

नऊच्या नऊ जणांकडं धोकादायक मालाच्या कोर्सचं सर्टिफिकेट होतं.

मी बावीस वर्षं टँकर चालवला. पेट्रोल, स्पिरिट, ॲसिड, सगळं ओढलं. गुडघा गेल्यावर स्टिअरिंग सोडलं. आता एका मालकाच्या गाड्या बघतो आणि नव्या पोरांना तयार करतो. पोरं त्याला 'मामाची शाळा' म्हणतात. ज्यांच्याकडं दोन-चार गाड्या आहेत आणि वेगळा सेफ्टी ऑफिसर ठेवणं परवडत नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी एक घोळ मिटवू. सेफ्टी म्हणजे मालापासून माणसाला जपायचं. सिक्युरिटी म्हणजे माणसापासून मालाला जपायचं. आपल्याकडं पहिलं शिकवतात, दुसरं गृहीत धरतात. टँकर उलटला तर काय करायचं हे पोरांना पाठ असतं. टँकर कुणी पळवला, नळी लावून माल काढला, खोटा पत्ता देऊन दुसरीकडंच खाली करून घेतला, तर काय करायचं? तिथं सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघतात.

कागदाचं काय लागतं

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९. त्यातला नियम ९ ड्रायव्हरसाठी. एक भारतीय भाषा आणि इंग्रजी वाचता-लिहिता आली पाहिजे, ३ दिवसांचा कोर्स झाला पाहिजे आणि लायसन्सवर तशी नोंद पाहिजे. कोर्सचे तीन भाग आहेत: सावध ड्रायव्हिंग, पुढच्या पायरीचं ड्रायव्हिंग आणि मालाची माहिती. २०१९ च्या दुरुस्तीनंतर असल्या लायसन्सची मुदत ३ वर्षं, साध्या ट्रान्सपोर्ट लायसन्सची ५. नूतनीकरणाला १ दिवसाची उजळणी. मुदत संपायच्या दोन महिने आधी माझ्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल गोल असतो. मोबाईलवर माझा विश्वास नाही.

नियम १३१ ते १३६ मात्र प्रत्येक मालकानं एकदा स्वतः वाचावेत. माल पाठवणाऱ्यावर काय जबाबदारी, गाडीमालकावर काय, ड्रायव्हरवर काय, सगळं त्यात आहे. मला त्यातला १३३ सगळ्यात मोलाचा वाटतो. त्यात म्हटलंय, की गाडी चालू नसताना ती सुरक्षित जागी उभी पाहिजे आणि कायम ड्रायव्हरच्या किंवा १८ वर्षांवरच्या दुसऱ्या जाणकार माणसाच्या नजरेखाली पाहिजे. 'कायम' म्हणजे जेवतानाही आणि आंघोळ करतानाही. आपल्या कायद्यातली अर्धी सिक्युरिटी या एका वाक्यात आहे, आणि कोर्समध्ये ते पाच मिनिटांत उरकतात.

परदेशात माल पाठवणाऱ्या एका कारखान्यातल्या साहेबांनी मला अमेरिकेतला नियम समजावून सांगितला होता. तिकडं धोकादायक मालाला हात लावणाऱ्या प्रत्येक नव्या कामगाराला ९० दिवसांच्या आत सिक्युरिटीची ओळख करून द्यावीच लागते आणि दर ३ वर्षांनी पुन्हा शिकवावं लागतं. धोका ओळखायचा कसा आणि ओळखल्यावर करायचं काय, हे दोन्ही त्यात यावं लागतं. जास्त धोक्याच्या मालासाठी कंपनीला लेखी आराखडा करावा लागतो आणि त्यात तीन गोष्टी लागतात: कामावर घेतलेल्या माणसाची खातरजमा, परक्याला मालापर्यंत पोचू न देणं, आणि वाटेवरची राखण. तो नियम आपल्याला लागू नाही. पण ही तीन खाती मला पटली. मी त्यांना माणूस, फाटक आणि वाट म्हणतो. शाळा त्याच तीन खात्यांवर चालते.

माणूस

शाळेत फक्त ड्रायव्हर बसवू नका. किन्नर (म्हणजे गाडीवरचा क्लीनर), गेटवरचा वॉचमन, बिल्टी (मालाची पावती) लिहिणारा क्लार्क, महिन्यातून दोनदा येणारा टायरवाला, सगळ्यांना बसवा. कुठली गाडी किती वाजता सुटणार हे क्लार्कला ड्रायव्हरच्या आधी माहीत असतं. त्याला सोडून बाकीच्यांना शिकवणं म्हणजे खिडक्या लावून दार उघडं ठेवणं.

नवा ड्रायव्हर घेताना मी त्याचं लायसन्स परिवहनच्या वेबसाइटवर तपासतो, पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी मागतो आणि आधीच्या मालकाला फोन करतो. तिसरी गोष्ट कुणी करत नाही, कारण आपण त्यांचाच माणूस फोडलेला असतो. तरी करा. मी विचारतो, 'गाडी कधी एकटी सोडत होता का?' उत्तर देण्याआधी समोरचा किती वेळ गप्प राहतो त्यावर मला कळायचं ते कळतं.

माणूस काम सोडून गेला की त्याच दिवशी ओळखपत्र, गेटपास, डुप्लिकेट किल्ली परत घ्यायची आणि त्याला गाड्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढायचं. आमच्या ग्रुपवर सहा महिन्यांपूर्वी सोडून गेलेले दोघे निघाले. रोज कुठली गाडी कुठं आहे ते निवांत वाचत होते.

फाटक

यात सगळ्यात जास्त वेळ मी सीलला देतो. मी जुनी तुटलेली सीलं डब्यात साठवून ठेवलीत. त्यातली दोन चांगली सीलं आणि दोन कापून पुन्हा चिकटवलेली अशी टेबलावर ठेवतो आणि पोरांना म्हणतो, ओळखा. नुसत्या डोळ्यानं निम्मी पोरं फसतात. मग सांगतो, ओढून बघा. चिकटवलेलं सील हाताला पोकळ लागतं, त्याचा पीळ सरकतो. सील बघायची चीज नाही, ओढायची चीज आहे. भरणा झाला की प्रत्येक सीलचा नंबर चलनाशी (मालासोबतच्या कागदाशी) ताडून आपल्या वहीत लिहायचा, वरच्या मॅनहोलचा आणि खालच्या डिस्चार्ज व्हॉल्व्हचा वेगळा. फोटोही काढायचा, पण वही चुकवायची नाही. फोन कधी डिस्चार्ज होईल सांगता येत नाही.

मग प्रदक्षिणा. अंबाबाईला घालतो तशीच, टँकर उजव्या हाताला ठेवून. ड्रायव्हरच्या दाराशी सुरू करायचं, मागं जायचं, शिडी, मागची पाटी, मग डाव्या बाजूनं व्हॉल्व्हची पेटी, बॅटरीचा मास्टर स्विच, पुढनं वळसा घालून परत दाराशी. रोज त्याच क्रमानं. क्रम मोडला की डोळा काहीतरी सोडतो. कुठंही थांबून परत निघताना एक प्रदक्षिणा, मग ते थांबणं पाच मिनिटांचं असो. नवी पोरं पहिले आठ दिवस हसतात. मी त्यांना न सांगता व्हॉल्व्हच्या पेटीला लाल धागा बांधून ठेवतो. कोल्हापूर ते कराड जाऊन आला आणि धागा तिथंच असला तर त्या दिवशी सगळ्यांचा चहा त्याच्याकडून.

पाट्यांबद्दल पोरं एक प्रश्न हमखास विचारतात आणि प्रश्न बरोबर आहे. 'मामा, आत काय हाय ते कुणाला सांगायचं न्हाई म्हणता, आन् एवढी मोठी पाटी कशाला लावता?' नियम १३४ प्रमाणे ती माहितीची पाटी दोन्ही बाजूंना आणि मागं लावावीच लागते. मालाचं नाव, यूएन क्रमांक (धोकादायक मालाला जगभर दिलेला चार आकडी नंबर) किमान १०० मिलिमीटर उंच अंकांत, धोक्याच्या वर्गाचं चिन्ह, अडचणीत कुणाला फोन करायचा त्यांचे नंबर. ती झाकायची नाही, चिखल उडाला तर पुसायची. ११७० म्हणजे स्पिरिट, इथेनॉल. १२०३ पेट्रोल, १२०२ डिझेल, १०७५ एलपीजी गॅस, १८३० सल्फ्युरिक ॲसिड, १००५ अमोनिया, १०१७ क्लोरीन. अग्निशमनवाल्याला लांबून कळलं पाहिजे, की पाणी मारायचं, फोम मारायचा की आधी वस्ती हलवायची. काय आहे ते पाटीनं सांगायचं. कुठं, कधी, कुठल्या वाटेनं, हे कुणीच सांगायचं नाही. चोराला पाटीचा काही उपयोग नाही, त्याला वेळ आणि जागा पाहिजे असते.

आपल्या भागात स्पिरिटला फार जपावं लागतं. साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्या आहेत, हंगामात रस्त्यावर इथेनॉलचे टँकर येतात. चोरलेलं स्पिरिट गाडीच्या टाकीत जात नाही, कुठल्या तरी झोपडीत दारू म्हणून विकलं जातं आणि माणसं मरतात. पोरांना मी हे स्पष्ट सांगतो. 'दहा लिटर काढलं तर कंपनीचं काय जातंय' म्हणणारा एकतरी निघतोच. त्याला विचारतो, ते पिणारा तुझ्या गावचा असला तर?

वाट

आता ऑगस्ट २०१९ ची गोष्ट, ही मी प्रत्येक बॅचला सांगतो. पुराचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं आणि पुणे-बेंगळुरू रस्ता बंद झाला. मी पेट्रोल भरून किणी टोल नाक्याच्या अलीकडं अडकलो. मागंपुढं ट्रकांची रांग. कोल्हापुरात पंपांवर पेट्रोल नाही ही बातमी आली आणि तिसऱ्या दिवशी लोक कॅन घेऊन यायला लागले. त्यांना हात जोडून परत पाठवणं सोपं होतं. चौथ्या दिवशी संध्याकाळी मात्र रेनकोटातला एक माणूस आला, गळ्यात ओळखपत्राची नाडी, सोबत दोघं.

'तहसीलमधनं आलोय. बोटींना पेट्रोल कमी पडालंय. पन्नास लिटर काढा, सही देतो.'

पोटात गोळा आला. बोटींना पेट्रोल लागत होतं हे खरं. माणसं घरांच्या छपरांवर होती हेही खरं. नाही म्हटलं तर पाप, हो म्हटलं तर सील तुटलं, आणि रांगेत दोनशे ट्रक उभे असताना उघड्यावर कॅनमध्ये पेट्रोल ओतायचं, शेजारच्या ट्रकखाली स्टोव्हवर भात शिजत असताना. मी म्हटलं, 'साहेब, देतो की. फक्त डेपोच्या साहेबांशी दोन शब्द बोला, त्यांनी होय म्हटलं की लगेच.' डेपोला फोन लावला, शंभर नंबरला लावला. डेपोतून सांगितलं, पोलिस आल्याशिवाय सील तोडू नका. हायवेचा हवालदार पाऊण तासानं भिजत आला, तेव्हा रेनकोटवाला निघून गेला होता.

शाळेत या गोष्टीवर भांडणं होतात. 'खरा असता तर?' म्हणून एक पोरगं माझ्यावर चिडलंही. खरा असता तर तो पोलिसांना घेऊन पुन्हा आला असता, आणि मग मीच काढून दिलं असतं. शिकायचं ते एवढंच. 'नाही' म्हणायचं नाही, हुज्जत घालायची नाही. 'फोन लावतो, साहेबांशी बोला' म्हणायचं. हे वाक्य मी पोरांकडून मोठ्यानं वदवून घेतो, कारण भीती वाटली की माणूस एकतर शिव्या देतो नाहीतर किल्ली देतो.

पोलिस, आरटीओ, राज्य उत्पादन शुल्क, कुणीही अडवलं तर कागद दाखवायचे, ओळखपत्र नम्रपणे बघायचं, गाडीचा नंबर लिहून घ्यायचा आणि ऑफिसला कळवायचं. सील तोडायला सांगितलं तर चलनावर त्यांचं नाव, हुद्दा, वेळ आणि सही घेतल्याशिवाय नाही. शस्त्र दाखवलं तर मात्र किल्ली टाकायची, बाजूला व्हायचं आणि सुरक्षित झाल्यावर ११२ लावायचा. मर्दानगी दाखवायची जागा कुस्तीचं खासबाग मैदान आहे, हायवे नव्हे.

दुसरा धोका फोनवरचा. 'खाली करायचा पत्ता बदललाय, अमुक ठिकाणी या.' बोलणारा आपल्या ड्रायव्हरचं नाव घेतो, चलनाचा नंबरही सांगतो, म्हणून ड्रायव्हर वळतो. आमच्याकडं नियम आहे: पत्ता बदलला असं ड्रायव्हरला फक्त मी किंवा क्लार्कनं सांगायचं, आणि ऐकल्यावर ड्रायव्हरनं फोन ठेवून आपल्या वहीतल्या नंबरवर परत लावायचा. आलेल्या नंबरवर नाही. माल पोचल्याची पावती त्याच रात्री क्लार्कनं जुळवायची. हे कुणाला उगाच वाटत असेल तर २०१० ची बातमी आठवा. राजस्थानातल्या धोलपूरहून मध्य प्रदेशातल्या सागरकडं निघालेले स्फोटकांचे साठाहून जास्त ट्रक पोचलेच नाहीत म्हणून देशभर गवगवा झाला होता. तेवढ्या ट्रकांच्या पावत्या रोजच्या रोज जुळवल्या असत्या तर पहिल्याच आठवड्यात कळलं असतं.

थांबायची ठिकाणं ऑफिसनं ठरवून द्यायची, ड्रायव्हरवर सोडायची नाहीत. मी स्वतः जाऊन ढाबे निवडलेत. मालक ओळखीचा पाहिजे, रात्री उजेड पाहिजे, टँकर बाजेवरून दिसला पाहिजे, भट्टी लांब पाहिजे. आणि तोंड बाहेर काढून गाडी लावायची, म्हणजे निघायची वेळ आली तर रिव्हर्स मारत बसावं लागत नाही. घाटात, मग तो आंबा असो की गगनबावडा, वळणावर थांबायचं नाही, लघवीलासुद्धा नाही.

जेवायला दोघांनी एकत्र बसायचं नाही. एक जेवतो, एक व्हॉल्व्हच्या बाजूला बसतो. इथं मालकांना कडू बोलावं लागेल. किन्नरचा पगार वाचवायला गाडी एकट्या ड्रायव्हरवर सोडता आणि वर १३३ पाळ म्हणता, हे जमायचं नाही. त्या माणसाला पोट आहे, झोप आहे. मी एका मालकाकडं यावरूनच काम सोडलं. किन्नर ठेवायचा तर अठरा पूर्ण झालेला, आणि त्यालाही सगळी शाळा. 'पोरगं हाय, गाडी पुसतंय' एवढ्यावर भागत नाही.

रील. हे नवं दुखणं. टँकरसमोर गॉगल लावून उभं राहायचं, 'नाद खुळा' म्हणायचं, मागं चलन दिसतंय, ढाब्याचं नाव दिसतंय. माझा नियम साधा आहे: गाडी खाली करून घरी आल्यावर काय वाट्टेल ते टाका. भरलेल्या गाडीचा एक फोटो दिसला की एक खेप बंद. गाडीतला जीपीएस ऑफिसला जागा सांगतोच. २०२२ च्या अधिसूचनेनंतर धोकादायक मालाच्या नव्या मध्यम-जड गाड्यांना तो बंधनकारकच आहे. त्याची वायर सुटलीय का हे प्रदक्षिणेत बघायचं, आणि सिग्नल अर्धा तास दिसला नाही तर ऑफिसनं फोन करायचा. ड्रायव्हरनं करायची वाट बघायची नाही.

अपघात, गळती याचं बहुतेक कोर्समध्ये होतं, म्हणून थोडक्यात. वारा पाठीशी घ्यायचा, लोकांना लांब करायचं, ११२, मग ऑफिस, मग माल पाठवणारा. नियम १३६ प्रमाणे जवळच्या पोलिस ठाण्याला कळवावंच लागतं. केबिनमधलं ट्रेम कार्ड (मालाचा धोका आणि त्यावरचे उपाय लिहिलेलं कार्ड) उतरताना सोबत घ्यायचं, नाहीतर अग्निशमनवाले येतात आणि कार्ड जळणाऱ्या केबिनमध्ये असतं. सांडलेला माल नाल्याकडं चालला असेल तर मातीचा बांध घालायचा. आपल्याकडचा नाला शेवटी पंचगंगेलाच मिळतो.

शाळेची नोंद ठेवा. साधी दोनशे पानी वही. तारीख, काय शिकवलं, कोण होतं, सही. अंगठाही चालेल, वॉचमन लोकांत असतात तसे. मी एका बैठकीत दोन तासांच्या वर घेत नाही, महिन्यातून एकदा रविवारी सकाळी, आणि मिसळ माझ्याकडून. बोलणं अर्धा तास, बाकी वेळ गाडीपाशी. भिंतीवर तक्ते लावून कुणी शिकत नाही. तोतया साहेबाचं सोंग मी स्वतः घेतो. एकदा रेनकोट घालून पन्नास लिटर मागितले तर दोन पोरांनी खरंच सलाम ठोकला.

गेल्या महिन्यात पुन्हा भाच्याला टपरीवर पाठवला. आता त्याला बरेच जण ओळखतात, म्हणून उजळाईवाडीच्या बाजूला, नव्या ड्रायव्हरसाठी. चहा पाजला, विचारलं, काय भरलंय. ड्रायव्हर म्हणाला, 'पाटीवर लिवलंय, वाच की.' कुठं खाली करणार? 'जिथं नेऊन सोडीन तिथं.' चहा संपवला, स्वतःचे पैसे स्वतः दिले आणि गाडीला प्रदक्षिणा घालून निघून गेला. दहा मिनिटांनी मला फोन. 'मामा, एक पोरगं चौकशी करालंय. स्प्लेंडर हाय, एमएच ०९, नंबर लिवून घ्या.'

लिहून घेतला. नंबर माझ्याच गाडीचा होता.